एकेचाळीस नंबरचे दोन तुकडे

रक्तवाहिनी सैल झाली की पडद्यावरची रेघ खाली येते. ते यंत्र एवढंच सांगतं. बाकीचं सगळं माणसं सांगतात, आणि मॅडमना सांगायची भारी हौस होती.

मॅडम म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख. गरोदरपणात रक्तदाब एकाएकी चढतो, तोंड-हात-पाय सुजतात, लघवीतून प्रथिनं जायला लागतात आणि कधीकधी आईला वाचवायचं तर बाळाला वेळेआधी बाहेर काढावं लागतं, त्या प्रीएक्लॅम्प्सियावर त्यांनी सव्वीस वर्षं घालवली होती. त्यांचं सगळं लक्ष एका वायूवर होतं, नायट्रिक ऑक्साइडवर. रक्तवाहिनीच्या आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. ते हा वायू तयार करतं. वायू जेमतेम काही सेकंद टिकतो, पण तेवढ्यात शेजारच्या स्नायूला "सैल हो" म्हणून सांगून जातो. गरोदरपणात हे सांगणं वाढावं लागतं, कारण एका जिवाच्या रक्तावर दोघांना पोसायचं असतं. या आजारात मात्र सांगणारा गप्प होतो आणि वाहिन्या आवळलेल्याच राहतात, असं मॅडमचं म्हणणं. ते मांडताना त्या हाताची मूठ आवळून दाखवायच्या आणि सभागृहातल्या शेवटच्या रांगेतल्या माणसाचीसुद्धा झोप उडायची.

प्रयोगशाळेत ते असं तपासायचे. सिझेरियनच्या वेळी, त्या बाईच्या परवानगीनं, पोटाच्या चरबीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा. तो बर्फात घालून आणायचा. त्यातून केसाएवढी रक्तवाहिनी सोडवायची, तिची दोन मिलिमीटरची कडी कापायची आणि त्या कडीतून केसाहूनही बारीक अशा दोन तारा ओवायच्या. मग कोमट द्रावात ठेवून आधी एका औषधानं वाहिनी आवळायची आणि दुसऱ्या औषधानं अस्तराला वायू सोडायला लावायचं. रेघ उतरली, तर अस्तर काम करतंय. नाही उतरली, तर नाही.

तारा ओवायच्या कामात चिमटेताईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. हे नाव त्यांना कोणी दिलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण दोन बारीक चिमटे त्यांच्या बोटांना जन्मतःच चिकटलेले असावेत असं वाटायचं. तंत्रज्ञ म्हणून तीस वर्षं झाली होती. बोलणं मोजकं. कोणी नवशिका तार ओवायला बसला की त्या मागून एवढंच म्हणायच्या, "आत घासू नकोस. अस्तर निघालं तर ती वाहिनी तुझी झाली, त्या बाईची राहिली नाही."

तर अशा या प्रयोगशाळेत एका सोमवारी पत्र आलं.

मॅडमनी एका नियतकालिकाला मोठा लेख पाठवला होता. तो तपासणाऱ्या कुणा अनोळखी परीक्षकानं दोन प्रश्न विचारले होते. निरोगी बायकांच्या ज्या वाहिन्या सैल झाल्या नाहीत, त्यांचं काय केलंत? आणि आजारी बायकांच्या ज्या सैल झाल्या नाहीत, त्यांचं अस्तर जागेवर होतं याचा पुरावा काय?

मॅडमनी पत्र वाचलं आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. प्रश्न खवचट होते म्हणून नव्हे. उत्तर त्यांना माहीत होतं म्हणून. निरोगी बाईची वाहिनी ढिम्म राहिली, की इतकी वर्षं या खोलीत सगळे म्हणायचे, "हात लागला असेल, टाकून द्या." आजारी बाईची ढिम्म राहिली, की म्हणायचे, "बघा, हाच तर आजार." एकच चूक दोन दारांतून आत यायची. एका दारात तिला हाकलायचे आणि दुसऱ्या दारात हार घालायचे. आणि हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्यानं ब्र काढला नव्हता.

"टाकलेल्या कड्या आता कुठून आणायच्या?" मॅडम वैतागून म्हणाल्या.

"आहेत," चिमटेताई म्हणाल्या.

"काय आहेत?"

"सगळ्या आहेत. टाका म्हणालात, तरी मी मेणात घालून ठेवत होते. तिसऱ्या कपाटात."

आठवडाभरात त्या मेणाच्या वड्यांचे पातळ काप झाले, काचेवर चढले. त्यांना असा रंग दिला होता, की अस्तर असेल तिथेच तपकिरी रेघ उमटावी. मॅडम सूक्ष्मदर्शकाशी बसल्या. चिमटेताई एकेक काच पुढे सरकवत होत्या आणि नंबर वाचत होत्या. बायकांची नावं इथे नसायची, फक्त नंबर.

"एकेचाळीस अ," चिमटेताई म्हणाल्या.

मॅडमचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी डोळा लावला.

कडीच्या आतून तपकिरी रेघ जवळजवळ नव्हतीच. जिथून तारा गेल्या होत्या, तिथे समोरासमोर दोन्ही बाजू उघड्या पडल्या होत्या, भिंतीचा गिलावा खरवडून काढावा तशा. कोपऱ्यात कुठेतरी चार पेशी धरून राहिल्या होत्या.

"एकेचाळीस ब."

त्याच बाईच्या, त्याच चरबीतल्या, त्याच वाहिनीचा दुसरा तुकडा. आतून सलग तपकिरी रेघ. कुठे एवढासाही खंड नाही.

अ मॅडमनी ओवला होता. ब चिमटेताईंनी.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. काढला असता तर चिमटेताईंकडे बघावं लागलं असतं.

एकेचाळीस नंबर म्हणजे मॅडमची धाकटी जाऊ.

नियमाप्रमाणे हे कोणाला कळायचं नव्हतं, मॅडमनाही नाही. पण साडेपाच वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी जावेला बत्तिसाव्या आठवड्यात शस्त्रक्रियेला घेतलं, तेव्हा मॅडम दारातच उभ्या होत्या. परवानगीचा कागद जावेनं हसत भरला होता. "ताई, तुमच्या कामाला येत असेल तर माझी चरबी वाटेल तेवढी घ्या, मला काही तिचा सोस नाही," असं म्हणाली होती, सुजलेल्या ओठांनी. बर्फाची पेटी मॅडम स्वतः घेऊन धावत आल्या. चिमटेताई दुपारी येणार होत्या. तेवढं थांबायला काय झालं होतं? पण थांबतात त्या मॅडम कसल्या. प्रमुख झाल्यापासून सहा वर्षांत त्यांनी एकही कडी ओवली नव्हती, तरी बसल्या. हात थरथरत होते, डोळे भरून येत होते. रेघ चढली आणि चढलेलीच राहिली. तयार वायू देणारं औषध घातलं तेव्हा मात्र झरकन उतरली. म्हणजे स्नायू ठीक आहे, वायू आतून येत नाही. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. मॅडमना रडू आलं, आणि त्या रडण्यात एक छोटासा आनंदही होता. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा. तो आनंद आता आठवला आणि त्यांना आपलीच किळस आली.

दुपारी चिमटेताईंनी उरलेल्या वाहिनीतून दुसरी कडी ओवली. तिची रेघ सुरेख उतरली. त्यांनी तो आलेख मॅडमच्या टेबलावर ठेवला.

आणि शुक्रवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर मॅडम म्हणाल्या होत्या, "नमुन्यांच्या डब्यांची अदलाबदल झालीय तुमच्याकडून. हा आलेख निरोगी बाईचा आहे."

"नाही झाली, मॅडम," चिमटेताई म्हणाल्या होत्या.

"झाली आहे. यापुढे तुमच्या प्रत्येक डबीवर दुसऱ्या कुणाची तरी सही हवी."

तेव्हापासून दोन सह्यांचा नियम लागू झाला, दारावर त्याचा कागदही लागला. तो फक्त चिमटेताईंना होता. काल आलेली पोरंसोरंही त्यांच्या डबीवर सही करायची, आणि त्या डबी पुढे धरून मुकाट्यानं उभ्या राहायच्या.

"पुढची काच लावू?" चिमटेताईंनी विचारलं.

"नको," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला माहीत होतं ही कोणाची आहे?"

"तुम्ही पेटी घेऊन पळत आलात म्हणे. दुपारी मी आले तेव्हाही डोळे सुजलेले होते. कळतंच की."

"मग तुम्ही नंतर बोलला का नाहीत? पुन्हा?"

चिमटेताईंनी काच उजेडात धरून पुसली, जागेवर ठेवली. "बोलले होते ना, मॅडम. सगळ्यांसमोर एकदा खोटं ठरलं, की माणूस दुसऱ्यांदा नाही बोलत. मेणात घालून ठेवतो."

आवाज चढला असता तर बरं झालं असतं. त्या नेहमीच्याच आवाजात बोलल्या, आणि मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी उठून दारावरचा तो नियमाचा कागद काढला. टाचणी बोटात रुतली. कागद हातात घेऊन "मला माफ करा" म्हणाल्या, पण इतक्या हळू की चिमटेताईंना "काय?" म्हणून विचारावं लागलं, आणि ते त्यांना दुसऱ्यांदा, मोठ्यानं म्हणावं लागलं. पलीकडच्या टेबलावरचे दोघे मान वर करून बघायला लागले. चिमटेताई म्हणाल्या, "शुक्रवारी म्हणा. बैठकीत. मी तिथेच ऐकलं होतं."

"म्हणेन," मॅडम म्हणाल्या, आणि त्या शुक्रवारी त्या म्हणाल्याही. परीक्षकालाही खरं उत्तर गेलं, टाकलेल्या अकरा कड्यांसकट. लेखातला निरोगी आणि आजारी बायकांमधला फरक निम्म्यावर आला. हे सगळं झालं, आणि कठीण गेलं. पण त्याची गोष्ट करण्यात अर्थ नाही, कारण मॅडमच्या छातीवर बसलेलं ओझं ते नव्हतंच.

ओझं घरी होतं.

जाऊ बरी होऊन घरी आली आणि दोन महिन्यांनी जेवणाच्या टेबलावर विषय निघाला. डॉक्टर म्हणाले होते, "दोन वर्षं जाऊ द्या. दुसऱ्या खेपेला पहिल्यापासून लक्ष ठेवू, एक बारीकशी गोळी देऊ. धोका आहे, पण पुष्कळजणींचं नीट होतं." जाऊ तेव्हा सदतीस वर्षांची. तिला दुसरं हवं होतं, आणि ती ते लपवतही नव्हती. तेव्हा मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाल्या, "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या वाहिन्या वायू करतच नाहीत. तुझ्या भल्यासाठी सांगते, पुन्हा हा खेळ नको."

परवानगीच्या कागदावर, मॅडमनीच लिहिलेल्या कागदावर, स्पष्ट छापलं होतं, की यावरून कोणत्याही बाईला तिच्या तब्येतीविषयी काहीही सांगितलं जाणार नाही, कारण एका तुकड्यावरून काही सांगता येत नाही.

पण घरच्या विदुषीपुढे डॉक्टर कोण? सासूबाईंनी पाळणा पलीकडच्या बिऱ्हाडात देऊन टाकला. येईल-जाईल त्याला त्या सांगायच्या, "आमच्या थोरलीनं मशीनवर तपासलंय. धाकटीच्या नळ्याच आवळलेल्या." धाकटी ऐकायची आणि हसायची. आता तिला त्रेचाळिसावं लागलं होतं.

त्या काचा पाहिल्या त्या संध्याकाळी मॅडमच्या मनात पळवाट आलीच नाही असं नाही. आली, आणि चांगली ऐसपैस आली. एकेचाळीस नंबर लेखातून वगळायचा. कारण द्यायचं, नमुना खराब. चिमटेताई काही बोलणाऱ्यातल्या नव्हेत. घरी कोणी विचारायला येणार नाही. आता सांगून जावेला काय मिळणार, उलट तिच्या जिवाला घोर. तिच्या भल्यासाठीच गप्प बसावं. मॅडम बसमध्ये हे मनाशी घोळवत राहिल्या आणि उतरायचा थांबा मागे टाकून दोन थांबे पुढे गेल्या. परत चालत येताना त्यांना कळलं, की "तिच्या भल्यासाठी" हे शब्द आपण त्या टेबलावरही वापरले होते.

शनिवारी दुपारी जाऊ वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. पिटुकली, तिची मुलगी, खाली फरशीवर रंगकांड्या पसरून बसली होती. जन्मली तेव्हा तळहातावर मावेल एवढी होती, म्हणून हे नाव. अजूनही वर्गात सगळ्यांत बुटकी होती आणि बडबडीला सगळ्यांत मोठी.

"थोडं बोलायचं होतं," मॅडम म्हणाल्या.

"बोला की, ताई. बसा. ती उशी सरकवा."

मॅडम बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. तारा, अस्तर, अ आणि ब. सभागृहात तासभर न अडखळणारी बाई तीनदा अडखळली. जाऊ घड्या घालत राहिली. एका पंच्याची दोन टोकं जुळेनात तेव्हा तिनं तो तसाच मांडीवर ठेवला.

"म्हणजे माझी सैल होत होती?"

"एक तुकडा होत होता. पण तुझा आजार खरा होता, रक्तदाब खरा होता. पुढे काय झालं असतं, ते त्या तुकड्यावरून कोणालाच सांगता आलं नसतं. अ वरूनही नाही आणि ब वरूनही नाही."

"कोणालाच?"

"कोणालाच."

"मग तेव्हा हे का नाही म्हणालात? 'मला सांगता येत नाही' असं?"

"सगळे माझ्याकडे बघत होते," मॅडम म्हणाल्या. "मला माहीत नाही, असं म्हणायची लाज वाटली."

जाऊ रडली नाही. चिडली असती तर मॅडमनी खाली मान घालून ऐकून घेतलं असतं, त्याची तयारी करून आल्या होत्या. ती फक्त म्हणाली, "त्या लाजेपायी माझा पाळणा गेला, ताई." आणि घड्या घातलेला गठ्ठा उगाचच विस्कटून पुन्हा घड्या घालायला लागली.

मग ती म्हणाली, "मला सांगितलंत, ठीक आहे. आता तिला सांगा."

"कोणाला?"

"पिटुकलीला. झोपवताना मी रोज तिची माफी मागते. आईच्या नळ्या उघडल्या नाहीत गं, म्हणून तुला लवकर यावं लागलं, म्हणून तू बारकी राहिलीस. माफी पहिल्या दिवसापासून मागते, नळ्यांचं नंतर कळलं. तेव्हा ती काचेच्या पेटीत होती, मी बाहेरून म्हणायचे. तुम्ही जेवताना सांगितल्यावर तर माझी खात्रीच पटली, की सगळं माझ्यामुळेच."

पिटुकलीनं नाव ऐकून केव्हाच मान वर केली होती. "मला माहितीये," ती म्हणाली. "आईच्या नळ्या झोपल्यात."

मॅडम फरशीवर बसल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली. जगभरच्या विद्वानांना समजावलेली गोष्ट त्यांना साडेपाच वर्षांच्या पोरीला समजावता येईना. हाताची मूठ आपोआप आवळली गेली होती, ती त्यांनी सोडली.

"आईला बरं नव्हतं, ते खरं," त्या म्हणाल्या. "ते आईमुळे नव्हतं झालं. सर्दी होते, तसं झालं. मग मी तिची एक छोटी नळी तपासायला घेतली. ती चांगली होती. माझ्या हातून तिला आतून ओरखडा गेला. आणि मी घरी येऊन सांगितलं, आईची नळीच खराब आहे."

पिटुकलीनं हिरवी कांडी खाली ठेवली. "ओरखडा मुद्दाम काढलास?"

"नाही गं. चुकून गेला."

"आणि खोटं सांगितलंस, ते?"

मॅडमनी जावेकडे पाहिलं. तिच्या हातातली घडी थांबली होती. चुकून, असं म्हणता आलं असतं. मला ठाऊक नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण त्या जेवणाच्या दोन महिने आधीपासून चिमटेताईंचा आलेख टेबलाच्या वरच्याच खणात पडून होता, उतरलेल्या सुरेख रेघेसकट, आणि तो खण मॅडम रोज उघडत होत्या.

"ते चुकून नव्हतं," त्या म्हणाल्या.

पिटुकलीनं थोडा विचार केला. मोठ्या माणसांची भांडणं मिटवायची तिला सवय असावी. "मग आई, तू आता सॉरी म्हणू नकोस," तिनं जाहीर केलं. "झोपताना काकू येऊन म्हणेल. तुलापण आणि मलापण."

"येईन," मॅडम घाईघाईनं म्हणाल्या. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे. डोळे पुसत, जरासं हसू आणत त्यांनी विचारलं, "किती दिवस म्हणायचं, पिटुकले?"

पिटुकलीला ते ठरवता येईना. तिनं आईकडे बघितलं.

जावेनं शेवटचा कपडा गठ्ठ्यावर ठेवला, गठ्ठा उचलला आणि कपाटाकडे जाता जाता म्हणाली, "मी साडेपाच वर्षं म्हटलं."

मॅडमनी मान हलवली. फरशीवर पसरलेल्या रंगकांड्या त्या एकेक करून खोक्यात भरायला लागल्या.